घर कुणाचं, कागद कुणाचा?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

कामं आवरली असतील तर थोडा वेळ रेडिओजवळ बसा. आवरली नसतील तर भाकऱ्या थापता थापता ऐका, काही बिघडत नाही. आज मी तुम्हाला एक जुना फोटो दाखवणार आहे. रेडिओवर फोटो कसा दाखवणार, असं म्हणाल. मी सांगत जाते, तुम्ही मनात बघत जा.

फोटो काळा-पांढरा आहे, १८८६ सालचा. मागे एक बुटकं, मातीचं घर आहे. छपरावरही मातीच. आजूबाजूला उघडं माळरान. घरासमोर चार बहिणी ओळीनं उभ्या आहेत, अंगात पायघोळ झगे, आणि बाजूला घोडे. पुरुष माणूस फोटोत एकही नाही. या बहिणींचं आडनाव क्रिसमन. लिझी, ल्यूटी, हॅटी आणि रूथ ही त्यांची नावं. जागा म्हणजे अमेरिकेच्या साधारण मध्यावर असलेल्या नेब्रास्का राज्यातला कस्टर नावाचा जिल्हा.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या लांबच्या बायकांशी आपलं काय? आहे. त्या घराच्या भिंती, त्यांची चूल, त्यांचं अंडी-लोण्याचं उत्पन्न, सगळं ऐकलंत तर ओळखीचं वाटेल. पण मला खरं बोलायचंय ते कागदाबद्दल. घर, जमीन आणि कागदावरचं बाईचं नाव, हा आजचा विषय आहे.

आधी ही वस्ती तिथे आली कशी ते बघू. १८६२ साली अमेरिकेच्या सरकारनं दोन मोठे कायदे केले. एका कायद्यानं देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी रेल्वे बांधायला घेतली. पैशाबरोबरच कंपन्यांना रुळाच्या दोन्ही बाजूंची जमीनही दिली. ती सलग नव्हती. चौकोन पाडून एक कंपनीला, शेजारचा सरकारकडे, असं बुद्धिबळाच्या पटासारखं वाटप होतं. ही रेल्वे नेब्रास्कातल्या ओमाहा गावापासून पश्चिमेकडे निघाली आणि १८६९ मध्ये पलीकडून येणाऱ्या रुळांना जाऊन मिळाली.

दुसरा कायदा होता जमीन देण्याचा. अर्ज करा, थोडी फी भरा, १६० एकर घ्या. अट अशी की तिथे घर बांधायचं, जमीन कसायची आणि पाच वर्षं राहून दाखवायचं. पाच वर्षांनी साक्षीदार म्हणून शेजारी उभे करायचे. त्यांनी सांगायचं की हो, हा माणूस इथे राहतो, इथे पिकवतो. मग मालकीचा कागद हातात.

रेल्वे कंपन्यांना माणसं हवी होती. माणसं आली की त्यांच्या वाट्याची जमीन विकली जाणार, आणि धान्य-गुरं वाहून भाडं मिळणार. म्हणून त्यांनी पार युरोपात जाहिराती लावल्या. काही गावं तर कंपनीनं आधी कागदावरच आखली. नेब्रास्कात बर्लिंग्टन कंपनीच्या मार्गावर क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्रॅफ्टन, हार्वर्ड अशी गावं एकामागोमाग येतात. इंग्रजी मुळाक्षरं लावून बघा: सी, डी, ई, एफ, जी, एच. आपण गटाच्या वहीत अनुक्रमांक टाकतो, तशी कंपनीनं गावांना नावं टाकली! आपल्याकडेही भुसावळ, मनमाड ही गावं रेल्वेनंच मोठी केली. पण तिथे माळरानावर आधी स्टेशन आणि मग गाव, असं बऱ्याच ठिकाणी झालं.

कस्टर जिल्ह्याचं मुख्य गाव ब्रोकन बो. तिथे रेल्वे पोहोचली १८८६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी हा फोटो निघाला त्याच वर्षी. त्याच वर्षी सॉलोमन बुचर नावाचा एक माणूस घोडागाडीत कॅमेरा घालून घरोघरी फिरायला लागला. नव्यानं वसणाऱ्या या लोकांचा इतिहास फोटोतून जमवायचा, हे त्यानं मनावर घेतलं होतं. तेव्हा फोटो काचेच्या पट्ट्यांवर काढत. १८९९ मध्ये त्याचं घर जळालं, लिहिलेले कागद गेले, पण काचा वाचल्या. तीन हजारांहून जास्त फोटो त्यानं काढले, आणि ते आज नेब्रास्काच्या इतिहास संस्थेत जपून ठेवलेले आहेत.

आता त्या घराजवळ जाऊ. त्या माळावर झाडं फारशी नव्हती, त्यामुळे लाकूड नाही. दगड-विटा विकत आणायला पैसा नाही. जवळ होतं काय? गवत. त्या गवताच्या मुळांनी जमीन गोधडीसारखी शिवलेली. लोक खास नांगरानं तिचे लांब पट्टे काढायचे, फावड्यानं हात-दोन हातांचे तुकडे करायचे आणि विटेसारखे एकावर एक रचायचे, गवताची बाजू खाली करून. भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड. वर बांबूसारख्या काठ्या, त्यावर झुडपं, त्यावर पुन्हा माती. आपल्याकडची माळवदाची घरं ज्यांनी सारवली आहेत, त्यांना हे लगेच कळेल. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. आणि पावसाळ्यात? तेही तुम्हाला माहीत आहे. बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला थांबायचा नाही. चुलीवर छत्री धरून स्वयंपाक केल्याच्या आठवणी तिथल्या बायकांनी लिहून ठेवल्या आहेत. छताची माती आणि किडे ताटात पडू नयेत म्हणून आतून कापड ताणून बांधायच्या. कधी त्या कापडावर सापही येऊन पडायचा.

जळणाचंही तसंच. लाकूड नाही, म्हणून वाळलेलं शेण. आधी बायसन नावाच्या रानगुरांचं, ती संपल्यावर घरच्या गुरांचं. शहरातून आलेल्या बायकांना सुरुवातीला शेणाला हात लावायची किळस यायची, चिमट्यानं उचलायच्या म्हणे. पुढे त्याच हातानं शेण चुलीत घालून त्याच हातानं पीठ मळायला लागल्या. गोवऱ्या थापणाऱ्या बायकांना यात नवल वाटायचं कारण नाही. मका काढल्यावर उरलेली कणसं आणि पिळलेलं गवतही जाळायच्या.

पाणी लांबून आणायचं. गुरं, कोंबड्या, भाजीपाला, शिवण, पोरं, आजारपण, सगळं बाईकडे. आणि त्यात आणखी एक गोष्ट होती. पीक यायचं वर्षातून एकदा, तेही दुष्काळ, टोळ आणि बर्फानं ठेवलं तर. १८७४ साली टोळधाडीनं उभी पिकं खाल्ली. १८८८ च्या जानेवारीत एका दुपारी असं हिमवादळ आलं की शाळेतून घरी निघालेली मुलं वाटेत गोठून गेली. १८९० नंतरच्या दुष्काळात कितीतरी लोक जमीन सोडून परत गेले. मग घर चालायचं कशावर? बाईच्या अंड्यांवर आणि लोण्यावर. ती रेल्वेच्या गावी दुकानात अंडी-लोणी द्यायची आणि बदल्यात चहा, साखर, कापड आणायची. शेताचा हिशोब नवऱ्याच्या वहीत मोठा दिसायचा, पण रोजचं मीठ-मिरची तिच्या कोंबड्यांवर चालायचं. गटाच्या कर्जातून शेळी किंवा कोंबड्या घेतलेल्या तायांना हे वेगळं सांगायला नको.

याच बुचरनं काढलेला दुसरा एक फोटो आहे. हिल्टन नावाच्या कुटुंबाचा. त्यात घर दिसतच नाही! अंगणात, गुरांच्या वाड्यापाशी, एक मोठी पायपेटी ठेवली आहे आणि भोवती घरचे लोक उभे आहेत. का? तर बाईंना आपल्या मातीच्या घराची लाज वाटत होती. गावाकडच्या मैत्रिणींना फोटो पाठवायचा, त्यात घर दिसायला नको, पण घरात पेटी आहे हे मात्र दिसायला हवं. म्हणून ती जड पेटी ओढत बाहेर आणली, फोटो काढला आणि पुन्हा आत नेली. हसू येतं ना? पण पाहुणे यायचे म्हटल्यावर फुटकी बादली मागे लपवून चांगली चादर पुढे घालणाऱ्या आपणच. मला त्या बाईंचं हसू येत नाही. पावसात गळणारं घर तिनं झाडलं, सारवलं, सांभाळलं. ते तिच्या नावावर असतं तर तिनं ते असं लपवलं असतं का, असं मात्र वाटतं.

कारण कायदा असा होता. १६० एकरांसाठी अर्ज कोण करू शकत होतं? एकवीस वर्षं पूर्ण झालेली कोणीही व्यक्ती, किंवा कुटुंबाचा कर्ता. 'व्यक्ती' म्हटल्यामुळे त्यात एकटी बाईही आली. लग्न न झालेली मुलगी, विधवा, टाकलेली किंवा वेगळी राहणारी बाई, या अर्ज करू शकत होत्या. त्या काळासाठी ही मोठीच गोष्ट. पण नवऱ्याबरोबर नांदणारी बाई? तिला सहसा अर्ज करता येत नसे. तिथे कर्ता नवरा. म्हणजे गळणारं छप्पर दोघांचं, शेण उचलणारे हात तिचे, आणि कागदावर नाव त्याचं.

क्रिसमन बहिणींनी या कायद्याचा पुरेपूर उपयोग केला. लिझीनं १८८७ मध्ये अर्ज केला. ल्यूटीनं पुढच्या वर्षी. हॅटी आणि रूथ लहान होत्या, त्यांना वय पूर्ण होईपर्यंत थांबावं लागलं. आता अट आठवा: ज्या जमिनीचा अर्ज, तिथे राहून दाखवायचं. तरण्या मुलीनं माळावर एकटीनं कसं राहायचं? या बहिणींनी त्यावर तोड काढली. आळीपाळीनं एकमेकींच्या घरी राहायच्या. आज तुझ्या घरी, मग माझ्या घरी. कायद्याची अटही पुरी झाली आणि एकटीनं राहायचीही वेळ आली नाही.

मैत्रिणींनो, हे ऐकल्यावर मला आपले गटच आठवतात. एकीला एकटीला तहसील कचेरीत जायची भीती वाटते, चौघी गेल्या की साहेबही नीट बोलतात. ते शहाणपण आपल्याकडे आहे, फक्त ते आपण कर्जाच्या हप्त्यापुरतं वापरतो.

पण या फोटोची एक बाजू अजून सांगायची राहिली. तो माळ रिकामा नव्हता. नेब्रास्कात पिढ्यानपिढ्या पॉनी नावाचे लोक राहत होते. त्यांच्यात शेती बायका करायच्या. मका, घेवडा, भोपळा त्यांनीच पेरायचा, राखायचा, साठवायचा. त्यांचीही घरं मातीचीच, मोठी आणि गोल. करार करून करून सरकारनं त्यांची जमीन कमी करत नेली, आणि १८७४-७५ च्या सुमारास त्यांना नेब्रास्का सोडून दक्षिणेला आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. जी जमीन पुढे फुकट म्हणून वाटली गेली, ती अशी मोकळी झालेली. शेकडो वर्षं तिथे मका पेरणाऱ्या त्या बायका बुचरच्या या घरांच्या फोटोत नाहीत आणि सरकारच्या कागदावरही नाहीत. कसणाऱ्याकडे कागद नसला की त्याला उठवणं किती सोपं असतं, हे धरणाखाली गाव गेलेल्या बायका चांगलं सांगतील.

आता आपल्या घरी येऊ. मी एकदा एका गटाला सांगितलं, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचा सातबारा आणायचा. आणले. वाचले. ज्यांची नावं होती त्या मोजक्याच, आणि त्यातल्याही बहुतेक विधवा. एक मावशी म्हणाल्या, "कुंकू गेलं तेव्हा नाव आलं." बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. पेरणी, खुरपणी, वेचणी, मळणी, सगळ्याला बाई असते. पण २०१५-१६ च्या शेतीगणनेत देशातल्या शंभर खातेदारांत बायका होत्या सुमारे चौदा.

कायदा मात्र आता त्या काळासारखा नाही. काय काय आहे ते नीट ऐका, जमलं तर लिहून घ्या.

एक, माहेरचा हक्क. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये दुरुस्ती केली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. लग्न झालं म्हणून तो जात नाही. हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यामुळे मोडत नाहीत. इतर धर्मांच्या आणि आदिवासी बहिणींना वेगळे नियम लागू होतात, त्यांनी तालुक्याच्या मोफत कायदा मदत केंद्रात विचारावं.

दोन, सासरचा हक्क. नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या मिळकतीत बायकोला मुलांबरोबरीचा हिस्सा आहे. वारस नोंद वेळेवर करून घ्या.

तीन, नवरा हयात असताना नाव लावणं. १८८६ च्या त्या फोटोनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. तुमच्यापैकी कुणाच्या आई, सासू तिथे गेल्या असतील. बाईच्या नावावर जमीन हवी, ही मागणी त्या चळवळीनं गावोगाव नेली, लक्ष्मी मुक्ती या नावानं. पुढे सरकारनंही याच नावाची योजना आणली. नवऱ्यानं स्वतःहून अर्ज दिला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं.

चार, घर. गावठाणातलं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला असतं. तिथे नवरा-बायको दोघांचं नाव लावायचा शासन निर्णय २००३ पासून आहे, 'घर दोघांचे' या नावानं. नमुना आठ हा कराचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. पण वेळेला तो उपयोगी पडतो, म्हणून नाव असू द्या.

आणि पाच, सही. भाऊबीजेला किंवा कार्याला गेल्यावर कुणी कागद पुढे केला, तर तो हक्कसोड आहे का ते आधी बघा. भावावर माया असावी, ती असणारच. हक्क सोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण वाचून ठरवा. घाईत, न वाचता अंगठा देऊ नका.

काही ताया म्हणतील, नाव लावायची गोष्ट काढली की घरात भांडण. खरं आहे. म्हणून एकदम मागणी करू नका. आधी सातबारा काढा, तो आता मोबाईलवरही मिळतो. बसून वाचा. आपलं नाव आहे का? असेल तर भोगवटादाराच्या रकान्यात आहे की 'इतर हक्क' या रकान्यात? नाव बरोबर लिहिलंय ना, की माहेरचं नाव एकीकडे आणि आधारवर दुसरं? हे नुसतं वाचायला कुणी भांडत नाही. आणि वाचल्यावर घरातला पुरुषही पुष्कळदा म्हणतो, अरे, हे राहूनच गेलं की.

तर या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की लगेच उठू नका. प्रत्येकीनं सातबारा आणि नमुना आठ आणा. जी शिकलेली असेल तिनं वाचून दाखवा. वहीत तीन रकाने करा: नाव आहे, नाव नाही, नाव चुकलंय. ज्यांचं काम असेल त्यांच्याबरोबर दोघी-तिघींनी तलाठ्याकडे जा, आणि दुसऱ्या वेळी तिनं तुमच्याबरोबर यावं. क्रिसमन बहिणींसारखं, आळीपाळीनं.

आणि जाता जाता आणखी एक. तुमच्या घरी जुना फोटो असेल, सासूबाईंचा, आजीचा, घरासमोर उभ्या असलेल्या. त्याच्या मागे पेन्सिलनं तिचं नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. नुसतं 'आई' लिहू नका. तिचं पूर्ण नाव लिहा.

आज इतकंच. तीन रकान्यांचा हिशोब मला कळवा, पुढच्या वेळी त्यावरच बोलू. नमस्कार.